मागचं पान

ऋजुता परीक्षेत कोरा पेपर देते, हे पुरुषोत्तमला शाळेतून फोन आला तेव्हा कळलं. एक नाही, तीन पेपर. आठवीतली पोरगी. वर्गात उत्तरं देते, गृहपाठ वेळेवर करते, आणि परीक्षेला बसली की वर नाव घालून पेन खाली ठेवते.

चेन्नईतल्या गिंडीच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून तो शाळेत गेला. मुलांशी बोलायला शाळेनं नेमलेल्या विजयलक्ष्मी मॅडमची खोली जिन्याखाली होती. तो दारातच अवघडून उभा राहिला.

"बसा सार," त्या तमिळ वळणाच्या इंग्रजीत म्हणाल्या. "इथं कुणाला छडी मिळत नाही. आईबापांनासुद्धा नाही."

त्यांनी मुलीचे जुने रिपोर्ट मागवले होते. त्यानं फाइल उघडून एकेक समोर मांडला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कंपनीनं त्याला नायजेरियात, लागोसला ठेवलं होतं. चार वर्षं ऋजुता तिथल्या शाळेत होती. गणितात कधी नव्वदच्या खाली नाही. हे मॅडमना दिसावं म्हणून त्यानं बोटही ठेवलं.

मॅडमनी रिपोर्ट उलटा केला.

तिकडच्या रिपोर्टला मागं एक तक्ता असे. वक्तशीरपणा, टापटीप, स्वतःवरचा ताबा, दुसऱ्यांशी वागणं, सगळ्याला पाचपैकी गुण. त्याची बायको कमलिनी आधी तेच वाचायची. तो चिडवायचा, "अगं, मार्क पुढं आहेत. मागं काय रद्दी वाचतेस?"

"पुढं शाळेनं काय शिकवलं ते आहे," ती म्हणायची. "मागं आपली पोरगी आहे. तुम्ही कधीतरी बघा."

त्यानं कधी बघितलं नाही. पुढं तो सही करायचा, मागं ती.

मॅडम वाचत होत्या. "वर्गशिक्षिकेनं लिहिलंय, ऋजुता स्वतःहून विचारत नाही, मनात ठेवते. वाईट बातमी असली तरी तिला आधी सांगावी, ती सावरते. खाली आईनं लिहिलंय, आम्ही तसंच करू." त्यांनी मान वर केली. "आई गेल्याचं तिला कुणी सांगितलं, सार?"

"मीच."

"कधी?"

पुरुषोत्तमनं सगळं सांगितलं. गेल्या मार्चमध्ये इथंच सातवीची वार्षिक परीक्षा होती. कमलिनी दवाखान्यात. बुधवारी दुपारी ती म्हणाली, रुजूला आणा. तो म्हणाला, उद्या शेवटचा पेपर आहे, तो होऊ दे, मग आणतो. गुरुवारी सकाळी सहाला दवाखान्यातून फोन आला. त्यानं तोंड धुतलं, मुलीला उठवलं, डबा भरला. पेपरला जाताना आई हातावर दही-साखर ठेवायची, म्हणून त्यानंही ठेवली. इथल्या वर्गशिक्षिकेला फोन करून सांगितलं, पेपर सुटेपर्यंत पोरीला काही कळू देऊ नका. त्या म्हणत होत्या, तिची परीक्षा आपण नंतर घेऊ. त्यानं ऐकलं नाही.

"आमच्यात असंच करतात, मॅडम. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. माझे वडील गेले तेव्हा मलाही पेपर झाल्यावरच सांगितलं."

"मग तुम्हाला कसं वाटलं होतं?"

त्यानं रिपोर्ट परत सुलटा केला.

"हे मला नका सांगू. तिला सांगा," म्हणत मॅडमनी ऋजुताला बोलावून घेतलं.

ती आली, त्याच्याकडे न बघता शेजारच्या खुर्चीवर बसली. त्यानं मराठीत सांगितलं. मॅडमना त्यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण त्या उठून गेल्या नाहीत.

"रुजू, त्या दिवशी तू पेपरला गेलीस, तेव्हा आई आधीच गेली होती. मला माहीत होतं."

"मलापण," ती म्हणाली.

"कसं?"

"तू दही देताना माझ्याकडे बघितलंच नाहीस. मी विचारलं, आई बरी आहे का? तू हो म्हणालास." ती टेबलावरच्या रिपोर्टकडे बघत होती. "मला वाटलं, पेपर एकदम मस्त लिहिला ना, तर तू म्हणालास ते खरं होईल. म्हणून सगळं दोनदा तपासलं. नव्व्याण्णव पडले, बाबा."

ते नव्व्याण्णव त्यानं तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितले होते. पोरगी खंबीर आहे, म्हणाला होता.

"आईनं मला बोलावलं होतं का?"

आताही नाही म्हणता आलं असतं. ती दुखावली नसती.

"हो. बुधवारी. मी आणलं नाही. चुकलं माझं, रुजू."

ती रडली नाही. म्हणाली, "तू बाहेर जा. मला मॅमपाशी बसायचंय."

तो बाहेर जाऊन बाकावर बसला. कारखान्यातून दोनदा फोन आला, त्यानं उचलला नाही. मधल्या सुट्टीत पोरं आरडाओरडा करत समोरून गेली, परत वर्गात गेली. मग दार उघडलं. ऋजुता येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"अजून काय म्हणाली आई बुधवारी?"

पुरुषोत्तम आठवू लागला. पंखा कमी कर म्हणाली. रुजूला टोमॅटोचं सार आवडतं, पातळ करू नका म्हणाली. आणखी काहीतरी म्हणाली होती, पण तेवढ्यात तो पेपरचं वेळापत्रक बघायला फोनमध्ये शिरला होता, ते ऐकलंच नव्हतं. त्यानं तेही सांगितलं.