फोटोतला पाट

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणाले तोंड उचकटायची गरज नाही. माझ्या नवऱ्यानं पाय लांब करून घेतले, ते मी म्हटलं म्हणून नाही. मी म्हटलंच नव्हतं. हे माझ्या सासूले पटत नाही, बाजूच्या इंदूबाईले पटत नाही, अन् चांदूर रेल्वेच्या माझ्या सख्ख्या मामीलेबी पटत नाही. मागं एका साक्षगंधात मामी सगळ्यायदेखत म्हणे, "काय वं प्रणाली, बिचाऱ्यानं तुझ्यापायी हाडं तोडून घेतले." हातात जिलेबीची प्लेट होती म्हणून चूप बसली, नाही त तिथंच सुरू झाली असती.

माझी उंची पाच फूट सहा इंच, विपुलची पाच दोन. हा फरक सोयरीक झाली तेव्हाबी होता, कोणी लपवला नव्हता. त्याचं बडनेरा रोडवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार खोलायची अन् आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. मले पाहायले आला त्या दिवशी आमच्या घरचा कूलर बंद पडला होता. मे महिना, अमरावतीचं ऊन, माझे बाबा पाहुण्यायची माफी मागून राहिले, अन् हा बाह्या वर करून सरळ कूलरपाशी उकिडवा बसला. चहा थंड झाला, पण कूलर सुरू झाला. जाताना हळूच म्हणे, "तुमी हसत होत्या, मी पाहिलं." मले तो त्याच दिवशी आवडला. पण हे मले कोणी विचारलं नाही, अन् मीबी सांगितलं नाही. अशा गोष्टी कोण कोणाले सांगते?

लोकायले मात्र इंचच दिसले. हार घालायच्या वेळेस त्याच्याच दोस्तायनं त्याले उचलून धरलं. "शिडी आणा बे, शिडी!" सारा हॉल हसला. फोटोवाल्यानं त कहरच केला. विधीचा पाट आणला, विपुलच्या पायाखाली सरकवला अन् माझ्या शालूचा घोळ त्याच्यावर पसरवला. "आता कसा जोडा दिसून राहिला!" म्हणे. सासूबाईनं तोच फोटो मोठा करून समोरच्या खोलीत लावला. विपुल येता-जाता त्याच्यापाशी थांबायचा. मले वाटलं, लग्नाची आठवण म्हणून पाहते.

वर्ष व्हायच्या आत म्हणे, अकोल्याले मोटारीची ट्रेनिंग आहे. बॅग मीच भरून दिली. चिवडा दिला, लोणचं दिलं. अन् फोन आला तो दवाखान्यातून. गेली त हा पलंगावर पडलेला, दोन्ही पिंडऱ्यायभोवती लोखंडाचे कडे अन् सळया मासातून आरपार. तोंडावर हसू. "प्रणाली, चार इंच! आता बराबरीत येतो." मी तिथंच रडली, अन् रडता रडता त्याले भैताडा म्हटलं. डॉक्टर मलेच समजावून राहिला, "ताई, नट फिरवत राहायचा, हाड आपोआप वाढते. सोपं आहे एकदम."

सोपं! नट मी फिरवला. सळयायच्या छिद्रातून पू आला, तो मी पुसला. दात आवळून त्याच्या तोंडातून जे निघायचं, ते मी ऐकलं. अडीच इंचावर त्याच्या टाचा वर उचलल्या गेल्या, अन् नट तिथंच थांबवावा लागला. मागची शीर ताणून ताणून अशी कडक झाली की टाच जमिनीले टेकेचना. डॉक्टर म्हणे, कडे काढले की सुटते. कडे काढले, पण टाच सुटली नाही. उजव्या पायाचं हाड भरलं, डाव्याचं भरलंच नाही. पाय टेकला की आत काहीतरी हलते म्हणे. पट्टा बांधून, काठी घेऊन, चवड्यावर चालते माझा नवरा. मी डॉक्टरले विचारलं, हे असं होऊ शकते म्हणून आधी सांगितलं होतं का? त म्हणे, "सही आहे त्यांची." अरे, सहीनं हाड भरते का?

आता त्याले उकिडवं बसता येत नाही. मोटार जमिनीवर ठेवूनच खोलावी लागते, दहा एचपीचं धूड टेबलावर कोण चढवून देईन? दुकानाचं शटर दिवसभर अर्धं राहते. घरी संडासात खुर्ची ठेवली. पंगतीत जेवण असलं की आमी जातच नाही. अन् लोकं? ज्यायनं जन्मभर त्याले "बुटक्या" म्हणून हाका मारल्या, ज्यायनं मांडवात शिडी मागितली, तेच आता म्हणतात, "काहून केला बाप्पा नसता शौक? कोण म्हटलं होतं?" तुमीच म्हटलं होतं! रोज म्हटलं होतं! पण बोट दाखवायची वेळ आली की बोट माझ्याकडं.

एवढं झाल्यावर डॉक्टरनं नवीनच गोष्ट काढली. म्हणे, डावा पाय पुन्हा खोलू, हाड भरून देऊ, टाचेची शीर सोडवू, तुमाले काही खर्च नाही. फक्त आमचे नवीन पेशंट तुमाले फोन करतील, त्यायले चांगलं सांगा. वरून एक व्हिडिओ काढून नेला. भिंतीले टेकून विपुल हसून राहिला, अन् कॅमेरा गुडघ्याच्या खाली गेलाच नाही. तो व्हिडिओ फिरला अन् फोन सुरू झाले. कोणाले भरतीत जायचं, कोणाची सोयरीक अडली. विपुल सगळ्यायले एकच सांगायचा, "मस्त झालं, करून घ्या." अन् फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून बसायचा.

मी भांडली. म्हटलं, "तू बोलून मोकळा होतं, उद्या त्यायचे पाय जातील."

तो म्हणे, "मले माझा पाय पाहिजे प्रणाली. मले दुकानात बसायचं आहे."

 मलेबी त्याचा पाय पाहिजे होता.

मग मागच्या रविवारी अब्दुल गफ्फार आले, फोन न करता थेट घरी. अकोल्यात त्यायचं गादी-रजईचं दुकान. सोबत पोरगी, इफ्फत, बीएस्सी झालेली, माझ्या खांद्याच्याबी खाली येईन एवढी. आठ दिवसायनं तिचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच दवाखान्यात. गफ्फारचाचा माणूस साधा. म्हणे, "डॉक्टरवर भरोसा आहे बेटी, पण बापाचं दिल. एक डाव डोळ्यानं पाहून घ्यावं म्हटलं."

विपुलनं आवाज ऐकला अन् आतून जोडे घालून आला. त्या जोड्यायच्या टाचेखाली मोच्याकडून रबराच्या जाड पट्ट्या लावून घेतल्या आहेत, म्हणजे टाच टेकल्यासारखी दिसते. काठी आतच ठेवली. टेबलाले हात लावून उभा राहिला, त्या व्हिडिओतलंच हसू तोंडावर चढवून.

"चालून दाखवता का भैया?" चाचा म्हणे.

अन् माझा नवरा चालला. टेबलापासून दारापर्यंत अन् परत. कपाळावरची शीर फुगली ती मले दिसली, त्यायले नाही दिसली. सासूबाई, मनकर्णा त्यायचं नाव, सोफ्यावरून कौतुकानं म्हणे, "पाहा, कसा गडी दिसते आता माहा लेक!" माझ्या अंगाची आग झाली. पोरगी पाहायले यावं तसे हे माझा नवरा पाहायले आले, अन् तो चालून दाखवून राहिला. मी चहाच्या नावानं उठली, नाही त तोंडातून काहीबाही गेलं असतं.

इफ्फत माझ्यामागून उठली, पण आत आलीच नाही. मी चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आली, त ती भिंतीवरच्या फोटोपाशी थांबलेली.

"भाभी, यात त भैया उंचच आहेत. ऑपरेशनच्या नंतरचा आहे का?"

"लग्नाचा आहे," मी म्हटलं. "त्यायच्या पायाखाली पाट आहे. तो माझ्या शालूखाली लपवला."

ती माझ्याकडं पाहात राहिली. मग सगळ्यायच्या समोर, सरळ विचारलं, "भाभी, तुमाले ते तेव्हा आवडत नव्हते का?"

देवाशपथ सांगते, एवढ्या वर्षात हे मले कोणीच विचारलं नव्हतं. सासूनं नाही, मामीनं नाही, डॉक्टरनं नाही. ज्याच्या त्याच्याजवळ उत्तर तयार. मले असा संताप आला की हातातल्या कपबशा मी टेबलावर आदळल्या.

"आवडत होते!" मी ओरडलीच. "आमचा कूलर दुरुस्त केला त्या दिवसापासून आवडत होते! मले नव्हते का दिसत चार इंच? माझे डोळे फुटले होते का? मी पाहून हो म्हटलं होतं! आवडत नसते त नाही म्हटलं असतं, माझ्या तोंडाले काय लकवा मारला होता? लोकायनं शिडी मागितली, फोटोवाल्यानं पाट दिला, अन् ह्या माणसानं जाऊन हाडं तोडून घेतले. अन् मले? मले एका शब्दानं विचारलं नाही! अन् वरून दुनिया म्हणते, प्रणालीपायी केलं!"

 सासूबाईनं पदर तोंडाले लावला. विपुल टेबलाले धरून उभा होता. तो माझ्याकडं असा पाहून राहिला, जसं मी हे दुसऱ्याच कोणाबद्दल सांगितलं.

मग हळूच म्हणे, "प्रणाली, सांगू का ह्यायले?"

मले समजलं तो काय विचारून राहिला. सांगितलं की अकोल्याचं ऑपरेशन गेलं. डावा पाय असाच हलत राहीन, दुकानाचं शटर अर्धंच राहीन. हे त्याले माहीत होतं, मलेबी माहीत होतं.  समोर ती पोरगी उभी होती, दोन्ही पायायवर, टाचा टेकून.

"सांग," मी म्हटलं.

तो खुर्चीवर बसला. एक जोडा काढला, मग दुसरा. पँट वर केली. छिद्रायचे काळे डाग, दोरीसारखी ताठ शीर, अन् जमिनीपासून वर लटकलेली टाच. म्हणे, "चाचा, ही टाच टेकत नाही. हे हाड जुळलं नाही. मी चालून दाखवलं ते खोटं होतं. फोनवर सगळ्यायले सांगतो तेबी खोटं. डॉक्टर म्हणे चांगलं सांगा त पाय दुरुस्त करून देतो, म्हणून मी सांगत होतो."

"या अल्लाह," चाचा म्हणे. ते वाकले अन् लेकराच्या पायाले लावावा तसा त्यायनं विपुलच्या टाचेले हात लावला.

इफ्फत मात्र तशीच उभी. तिचे डोळे भरले होते, पण ते विपुलसाठी नाही, स्वतःसाठी. म्हणे, "एक डाव भाभीच्या बाजूनं उभे राहता का?"

विपुल काठी मागून उठला, अनवाणी, चवड्यावर. मी त्याच्या बाजूनं जाऊन उभी राहिली. अडीच इंच वाढवून, त्यात चवड्यावर उभा राहून, तेव्हा कुठं बराबरीत आला होता. टाचा टेकल्या असत्या त अजूनबी मीच उंच.

"एवढं करून?" इफ्फत म्हणे.

"हाव," मी म्हटलं. "एवढं करून."

ती एकदम रडायलेच लागली. "नाही करायचं मले," असं रागानं म्हणे, जसं काही आमीच तिच्या हातातून काही हिसकून घेतलं. घेतलंच होतं म्हणा. जाताना ना तिनं माझ्याकडं पाहिलं, ना चहाले हात लावला. चाचा दारात दोनदा वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोल्याहून दवाखान्याच्या मॅनेजरचा फोन. गफ्फारचाचानं ऑपरेशन रद्द करताना डॉक्टरले चांगलंच ऐकवलं होतं म्हणते. मॅनेजर म्हणे, तुमच्या ऑपरेशनचं आता जमणार नाही, तुमचं तुमी पाहा. विपुल म्हणे, "बरं." एवढंच. मग मले म्हणे, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावू, किती दिवस लागतील ते लागतील. मी म्हटलं, लावू.

सासूबाईनं मात्र तेवढ्यात सुरू केलं. इंदूबाई दारात भाजी निवडत बसली होती, तिले ऐकू जाईन अशा आवाजात. "पाहा वं इंदू, आधी हिच्यापायी लेकानं पाय कापून घेतले. अन् आता हिच्या तोंडापायी दुरुस्त होणारा पायबी गेला. ही बोलली, अन् झालं वाटोळं."

मी कणकेचा गोळा परातीत आपटला. उत्तर जिभेवरच होतं. पण त्याच्या आधीच खुर्ची सरकल्याचा आवाज आला, अन् काठी टेकत विपुल स्वतः दारात गेला, तसाच, जोडे न घालता.

"आई, पाय कापून घेतले ते माह्या मतानं. हिनं म्हटलं नव्हतं," तो म्हणे, इंदूबाईकडं पाहून, खणखणीत. "तेव्हा मी हिले विचारलंच नाही, तीच चूक झाली. काल बोललो, तेबी मीच बोललो. पण काल हिले विचारून बोललो."