वहाब मिस्त्रींच्या रंध्याचे पाते

मी एक जुने पाते आहे; लाकडात खाच पाडायच्या रंध्याचे. मित्रांनो, वर्षानुवर्षे राबलेल्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. माझ्याजवळ तसे सांगण्यासारखे काही नाही. मी उण्यापुऱ्या चार दिवसांचे काम केले. त्या चार दिवसांत जे झाले, ते मात्र अजून संपलेले नाही.

मला ज्याने घडवले, त्याला घाई होती. लालभडक पोलाद पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून चांगला लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो. मग त्यात चिवटपणा येतो. ती दुसरी आच माझ्या वाट्याला आलीच नाही. त्याऐवजी मला घासूनपुसून आरशासारखे चकचकीत केले गेले, आणि आपण फार मोलाचे आहोत असे मला वाटू लागले.

तो सन छप्पन्नचा जानेवारी होता. गडचिरोली तेव्हा लहानसे गाव होते. तिथे वहाब मिस्त्री सागवानाचे काम करत. त्यांनी जोडलेल्या दोन फळ्यांमधून मुंगीसुद्धा जात नाही, असे लोक म्हणत. एका फळीला खाच, दुसरीला जीभ, आणि दोघी अशा बसत की जणू एकाच झाडातून तशाच निघाल्या.

जंगलाकडच्या एका खेड्यात पहिलीच शाळा उघडायची होती. तिथले नानाजी पाटील मिस्त्रींच्या दारात आले.

"सव्वीस तारखेले शाळा उघडते, मिस्त्री. मास्तर येऊन बसले, पन फळा नाई. पोरं काय मातीच्या भिंतीकडे पाहून शिकतीन?"

मिस्त्रींनी शब्द दिला. पण त्यांच्या रंध्याचे पाते झिजून बोटभर उरले होते. त्यांचे मित्र कोलू लोहार म्हणाले, "आठ दिवस थांब, वहाबभाऊ. पोलाद आलं का तुले पयले घडवून देतो." आठ दिवस मिस्त्रींजवळ नव्हते. ते आठवडी बाजारात आले, जिथे एका फेरीवाल्याच्या पोत्यावर मी पडले होते.

माझ्या शेजारी आणखी एक पाते होते. काळे, ठोकलेल्या खुणांचे, बोथट. मला त्याची कीव यायची. मिस्त्रींनी आधी ते उचलून नखाने वाजवले. आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. मग मला वाजवले. 'टक्' झाले आणि संपले. मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पारखायला खिशातून कानस काढली.

"कानस नोका लावू जी," फेरीवाला म्हणाला. "चकाकी गेली तर मंग हे कोन घेईन? आन् त्या काळ्याले धार लावता लावता दोन दिवस जातीन तुमचे." त्याने माझ्या धारेने आपल्या हातावरचे केस सर्रकन उतरवून दाखवले.

मिस्त्रींनी मला डोळ्यांसमोर धरले. माझ्यात त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी कानस खिशात परत ठेवली.

घरी त्यांची बायको खातून म्हणाली, "त्या काळ्याचा आवाज चांगला होता म्हनता, मंग हे काऊन आनलं?"

"याले धार हाये. आजच काम सुरू होते."

पहिल्या दिवशी मी लोण्यातून जावे तसे सागातून गेले. मिस्त्रींनी माझी पाठ थोपटली. तेवढीच शाबासकी माझ्या आयुष्यात मला मिळाली. दुसऱ्या दिवशी माझ्या धारेचा बारीक टवका उडाला. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. त्यांनी मला दगडावर घासले, पण घासून ठिसूळपणा जात नाही.

"कोलूभाऊले दाखवा एकदा," खातून म्हणाली.

"आता एकच फळी राह्यली. मंग दाखवतो."

चौथ्या दिवशी त्या शेवटच्या फळीत गाठ आली. मिस्त्रींनी वाकून जोर लावला. चांगले पाते तिथे अडले असते, फार तर बोथटले असते. मी तुटले. तांदळाच्या कणीएवढा माझा तुकडा उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला.

नावेने वैनगंगा ओलांडून, पुढे मोटारीने त्यांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तुकडा काढला, पण डोळा गेला. कधी कधी एका डोळ्याची जखम दुसऱ्यालाही घेऊन जाते. महिन्याभराने डावा डोळाही अंधुक होऊ लागला. होळीच्या सुमारास मिस्त्रींनी विचारले, "खातून, दिवा काऊन नाई लावला?" बाहेर दुपारचे ऊन होते.

तो फळा नानाजींनी तसाच नेला. शेवटची फळी कुणीतरी खिळ्यांनी ठोकली. मध्ये फट राहिली, असे ते सांगून गेले.

पावसाळ्याआधी इतवारी सुतार हत्यारे घ्यायला आला. मिस्त्री एकेक हत्यार बोटांनी चाचपून त्याच्या हातात देत होते. "हे वाजवून पाह्य. आवाज लांब चालला पाह्यजे. कानस जराशी धरली पाह्यजे; घसरली तर पातं ठिसूळ, खोल गेली तर कच्चं." सगळे संपले. उरले मी.

"हे बी द्या जी. घासून कामाले येईन."

"नाई."

"काऊन?"

"याचा आवाज मी बाजारातच आयकला होता, इतवारी. आयकूनबी घेतलं."

इतवारी गेल्यावर ते चाचपडत अंगणात आले आणि भिंतीपाशी बोटांनी माती उकरू लागले. खातून मदतीला वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. जिथे कुणाचे खुरपेही पोचणार नाही इतके खोल त्यांनी मला पुरले. मग तिथेच बसून राहिले. ते रडत होते की नाही, हे मला मातीखालून कळले नाही.

मित्रांनो, हत्यार निवडताना त्याच्या रूपावर भुलू नका. ते वाजवा, पारखा, आणि मनाला शंका आली तर तिला गप्प बसवू नका. ज्याच्या हातात ते जाणार आहे, त्याला दोनच डोळे असतात.

मला आता गंज चढतो आहे. माझ्याकडून कुणाला इजा होऊ नये म्हणून मी रोज त्याची वाट पाहते. पण तो फार हळू खातो.