पहिल्याच नाक्यावर

संध्याकाळी मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू घरी आला, की दिशाच्या लॅपटॉपवर ऑनलाइन वर्गातले गणिताचे सर गोठायचे. तोंड उघडं, हात हवेत, आवाज गायब. सकाळी मात्र तेच नेट छान पळायचं.

"संध्याकाळी सारी वस्ती पिच्चर बघती. तुझ्या गणिताला वाट कोण देणार?" आजोबा, पुंजाराम, म्हणायचे.

शेवटी आईने, छायाने, ठरवलं. परीक्षेपर्यंत दिशाने अंबडला मावशीकडे राहायचं, रविवारी निघायचं. बॅग दाराशी येऊन बसली. मावशी मायाळू होती, पण तिथे मळा नव्हता, आणि आजोबांशेजारी बसून माळा ओवणंही नव्हतं. दिशाला जायचं नव्हतं.

शनिवारी ती रडवेली होऊन शेजारच्या साधनाबाईंकडे गेली. बाई निवृत्त शिक्षिका. पोरांना संगणक शिकवायचा त्यांना भारी नाद.

"रस्ता अडलाय हे खरं," बाई म्हणाल्या. "पण कुठे अडलाय ते न बघताच घर सोडायचं? तुमची फुलं दादरला कशी जातात?"

"टेम्पोतून. इगतपुरी, मग कसारा, मग पुढं."

"सरांचा आवाजही असाच येतो, छोट्या छोट्या पाकिटांतून, नाका करत करत. आता आपण एक पाकीट सोडू. त्याला सांगू, पहिल्या नाक्यापर्यंतच जा, तिथून निरोप येईल. पुढचं पाकीट दुसऱ्या नाक्यापर्यंत. असं करत शेवटपर्यंत."

बाईंनी आपल्या संगणकावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली. एकाखाली एक ओळी उमटल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक नाका, आणि समोर निरोपाला लागलेला वेळ. एका ओळीत नुसते तारे आले.

"इथं अडलं?" दिशाने विचारलं.

"पुढचे नाके बोलतायत ना? मग गाडी तिथून गेलीच. काही नाकेदार मुळातच अबोल असतात. तू हे वर्गाच्या वेळी घरी करून बघ. आणि पहिली ओळ नीट बघ. ती तुमच्याच ओसरीच्या भिंतीवरच्या राउटरची असेल."

संध्याकाळी दिशाने आतल्या खोलीत आज्ञा दिली. पहिल्याच ओळीत तारा, पुन्हा तारा, मग भलामोठा आकडा. पुढच्या ओळींची तीच गत.

"आजोबा, बाहेर काय नाय झालं. गाडी आपल्याच ओसरीत अडती."

"ओसरीत तर मी बसलोय."

"मग तुम्हीच अडवत असाल," आई आतून म्हणाली.

दिशा ओसरीत आली. राउटरच्या भिंतीला झेंडूच्या गोण्यांची थप्पी लागली होती, वर ओलं गोणपाट. पहाटेच्या टेम्पोपर्यंत फुलं ताजी राहावीत म्हणून आजोबा रोज त्याच गार भिंतीशी थप्पी लावायचे. मागे राउटर दिसतही नव्हता. पहाटे थप्पी जायची आणि नेट यायचं.

दिशाने बाईंना हाक मारली. बाईंनी थप्पी पाहिली आणि हसू दाबलं. "वायफायच्या लहरींना ओल्या फुलांतून जाणं जड जातं. पाणी त्यांना शोषून घेतं."

"म्हंजे झेंडूनंच पोरीला अंबडला धाडली असती," आजोबा म्हणाले आणि उठले.

बाईंनी दिशाला राउटरकडे एकामागून एक पाकीट सोडायला शिकवलं. आजोबा एकेक गोणी समोरच्या भिंतीला नेऊ लागले.

"आला का निरोप?"

"उशिरा आला."

"आता?"

"एक हरवला. पुढचा आला."

आजोबांनी शेवटची गोणी ओढली. निरोप पटापट, एका चालीत येऊ लागले.

"आता एकही हरवत नाय, आजोबा."

वर्ग सुरू झाला तेव्हा सरांचा हात हलला, फळ्यावर खडू कुरकुरला. "दिशा, ऐकू येतंय ना?" सरांनी सवयीने विचारलं.

"सगळं येतंय, सर."

आजोबा समोरच्या भिंतीशी गोणपाटावर पाणी शिंपडत होते. छायाने दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत नेली आणि बहिणीला फोन लावला.

"उद्या येतोय गं आम्ही," ती म्हणाली. "दिशापण येतीय. पण जेवून परत फिरणार हाय ती."