खिडकीपाशी बसा

दवाखान्यात सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण संसर्गाचे रोग दवाखान्यातच पसरू नयेत म्हणून काय करावं, हे शिकवायला तिला नेमलं होतं. शिकवण साधी. खोकणारा रोगी आला की दारातच मास्क द्या, गर्दीच्या बाकावर न बसवता उघड्या खिडकीपाशी बसवा. वर्गात सगळे कर्मचारी पोपटासारखे बोलले. दुसऱ्या दिवशी नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! मास्क कपाटात आणि खोकणारे बाकावर.

मास्तरीण जाम चिडली. तिची धाकटी बहीण इथेच नर्स होती. त्याच बाकावरच्यांची सेवा करून ती क्षय घेऊन घरी आली आणि अजून गोळ्या गिळत होती. त्यात निरोप आला, शिकवल्याचा उपयोग झाला का ते बघायला परीक्षक येणार. झाला नसेल तर वर्ग बंद.

तिने कंपाउंडरला कोपऱ्यात गाठलं. "भाऊ, तुमच्याच कानावर घालते. परीक्षक म्हणे रोगी बनून येणार, खोकत खोकत. कुणाला सांगू नका हं!"

कंपाउंडरच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाडूवालीलाही कळलं.

आणि काय सांगावं! काल ज्याला "ओ म्हातारबा, सरका तिकडे" म्हणत, त्याला आज "या आजोबा, खिडकीपाशी बसा, वारा छान येतो" सुरू झालं. आजोबांना आधी वाटलं, आपलं काही खरं नाही. मग ते इतके सुखावले की बरे झाल्यावरही येऊन खोकू लागले.

एका सकाळी रस्त्यावरची धूळ खाऊन खोकत एक बाई आल्या. कंपाउंडर मास्क घेऊन धावला. खिडकीपाशी बसून ठसका थांबल्यावर त्या मास्तरणीच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "मी परीक्षक. छान शिकवलंत हो!"

मास्तरणीला गप्प बसता आलं असतं. पण फुकटचं कौतुक तिच्या घशाखाली उतरेना. "शिकवण्यानं नाही, तुमच्या धाकानं झालंय," म्हणत तिने आपणच सोडलेल्या पुडीसकट सगळं सांगून टाकलं. "हवं तर वर्ग बंद करा. पण तुम्ही येऊन गेलात हे बाहेर कळू देऊ नका. उद्याच खोकणारे पुन्हा बाकावर जातील."

परीक्षक बाईंना हसू आवरेना. "धाक ओसरेपर्यंत सवय लागेल?"

"वेळ मिळाला तर लागेल."

"मग वर्ग चालू ठेवा. मी पुन्हा येईन. कधी, ते सांगणार नाही." त्यांनी मास्क चढवला आणि आतडी पिळवटून खोकत बाहेर पडल्या.

कंपाउंडरने अदबीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि मास्तरणीजवळ येऊन कुजबुजला, "ह्या नव्हेत बरं का. इतकं खरं कुणाला खोकता येतंय? परीक्षक अजून यायचाय. खिडकी उघडीच ठेवतो."