रेक्झिनचं लिंबू

दारावरची सूचना

कृपया चपला रांगेत काढाव्यात. अदलाबदलीची वस्तू स्वतः केलेली असावी. नणंदेने, मुलीने किंवा तुळशीबागेने केलेली धरली जाणार नाही. निदान तीन प्रकारचं साहित्य हवं. आपण आठ जणी आहोत, म्हणून प्रत्येकीने सात नग आणावेत आणि सात घेऊन जावेत. या खेपेचा विषय : दारावर लावायचं काहीतरी. मिळालेल्या वस्तूंची तुलना आपापल्या घरी करावी. चहा एकदाच मिळेल.

उल्का, 'टाकाऊतून देखणं' गटातर्फे

*

त्याच दारावर, सूचनेच्या वर, पितळी पाटी आहे. ती उल्काच्या सासऱ्यांची, आप्पासाहेबांची. नावाखाली एक ओळ : 'येथे कोणताही चमत्कार मानला जात नाही.' नारायण पेठेत ही पाटी सगळ्यांना माहीत आहे. एकदा कुरियर सांगितलेल्या दिवशी आलं, तेव्हा कुरियरवाल्यानेच पाटीकडे बोट दाखवलं होतं.

*

कृती

रिक्षाच्या सीटचं पिवळं रेक्झिन घ्यावं. पाकळ्या कापून उलट्या बाजूने शिवाव्यात, आत फोमचा चुरा भरावा. लिंबू तयार. सीटच्या कडेला लावतात त्या हिरव्या पायपिंगचे सात तुकडे करून टोकं मेणबत्तीवर चिमटावीत. मिरच्या तयार. खाली कोळशाच्या जागी टायरच्या ट्यूबची काळी चकती. सगळं पितळी तारेत ओवावं. तारेला वर कडी, कडीला आरशाची टिकली. एकाला दोन तास लागतात. लिंबू गोल झालं नाही तर उसवावं. सलीमाने तीन उसवली.

*

सलीमा खडकीची. तिचा नवरा सिराज रिक्षांचे हूड आणि सीटा शिवतो. उरलेल्या तुकड्यांतून ती कानातली करून प्रदर्शनांत विकते. तिथेच उल्काची तिची ओळख झाली. गटात घ्यायचं का, असं उल्काने फोनवरच्या ग्रुपमध्ये विचारलं होतं.

"घे की! त्यात विचारायचं काय?" कुसुमने लिहिलं. ती बँकेतून निवृत्त झालेली. मग थोड्या वेळाने, "विचारलंस ते मात्र बरं केलंस."

वाघोलीच्या विजयमालाने लिहिलं, "आपण काय असलं मानत नाय." बाकीच्यांनी त्याखाली अंगठे लावले. 'असलं' म्हणजे कसलं, ते कुणी विचारलं नाही.

सलीमाला उल्काने हा सगळा संवाद दाखवला होता. अभिमानाने.

"विकते तर मी रोजच," सलीमा तेव्हा म्हणाली होती. "पण विकलेलं कुठे जातं, काही पत्ता नाही. इथे सात दारं कळणार. कधी रस्त्याने जाताना मान वर केली तर आपलं काहीतरी लटकलेलं दिसणार. सिराज म्हणतो, त्यात काय मिळणार? म्हटलं, तुला नाही कळायचं."

*

रविवार, चार वाजता. सतरंजीवर मांडामांड झाली. कुसुमची कागदाच्या सुरळ्यांची फुलपाखरं, विजयमालाची गव्हाच्या ओंब्या आणि टिकल्यांची तोरणं, उल्काचे तुटक्या बांगड्यांचे आणि जुन्या किल्ल्यांचे झुलते सांगाडे. मग सलीमाने पिशवी उलटी केली.

सात लिंबं. सात गुणिले सात मिरच्या.



"अगंबाई, किती खरं वाटतंय!" कुसुम म्हणाली आणि हात मागे घेतला.

"लई भारी हाय," विजयमाला म्हणाली. "म्हणजे एकदम रिक्षाचंच."

"रिक्षाचंच आहे," सलीमा म्हणाली.

बाकी सगळ्या हसल्या. स्तुती झाली, भरपूर झाली. गेल्या खेपेला कुसुमच्या मोराला एवढी झाली नव्हती. प्रत्येकीने एकेक लिंबू कडीला दोन बोटांनी धरून उचललं. उल्काला भरून आलं. आपला गट हा असा आहे, असं आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावंसं वाटलं, पण आप्पा फिरायला गेले होते.

साडेपाचला सगळ्या गेल्या. सलीमा मागे राहिली. "कप विसळते. खडकीला आत्ता गाड्यांना गर्दी असते."

*

पहिलं लिंबू उल्काला चपलांच्या रॅकमध्ये सापडलं, आप्पांच्या जुन्या बुटात.

विसरलं असेल कुणी.

दुसरं मनीप्लांटच्या कुंडीमागे. तिसरं वर्तमानपत्राखाली, पान नीट दुमडून. चौथं न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाच्या मागे. हात धुवायला कोण गेलं होतं ते तिला आठवेना, कारण सगळ्याच गेल्या होत्या. पाचवं गादीखाली. उल्काने पाचही ओढणीत गुंडाळली आणि दिवाणाच्या खणात कोंबली. आत कप वाजत होते.

फोन थरथरला. कुसुम.

"अगं, लिंबू राहिलंच बघ तुझ्याकडे. माझं काही नाही गं. पण आमच्या ह्यांना नुकताच स्टेंट बसवलाय."

पुन्हा थरथरला. पुन्हा कुसुमच.

"दुसऱ्याच्या हातचं घेऊ नये म्हणतात. मी मानत नाही. सासूबाई मानतात."

उल्काने सासूबाईंचं नाव वाचून डोळे मिटले. कुसुमच्या सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. श्राद्धाचं जेवण गटाने जेवलं होतं.

विजयमालाने आवाजच पाठवला, तोही मोठा लागला : "ताई, खरं सांगू का? नवीन बंगल्याची वास्तू व्हायचीय. त्याआधी असलं दुसऱ्याचं घरात नेलं तर म्हातारी मला उभी जाळंल. पोरगी लई गुणाची हाय तुमची, तिला काय सांगू नका."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

तेवढ्यात बेल. जिना झाडणाऱ्या मथुराबाई.

"वहिनी, जिन्यात कुणीतरी उतारा टाकलाय. मी काय हात लावायची नाय. वरच्या जोशीणबाई अर्ध्यातनं परत गेल्या. खाली दूधवाला थांबलाय."

"उतारा नाहीये हो तो! रेक्झिन आहे!"

"आसंल. आजकाल सगळंच प्लॅस्टिकचं निघालंय."

मागून आप्पासाहेब वर येताना दिसले. दुसऱ्या वळणावर त्यांनी कठडा सोडला, अंग भिंतीला लावलं आणि तिसरी पायरी टाळून चौथीवर आले.

"आप्पा, तुम्हीसुद्धा?"

"गुडघा," आप्पा म्हणाले.

सलीमा पदराला हात पुसत केव्हाची मागे येऊन उभी होती. काय झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. ती खाली उतरली, वळणावर वाकली, लिंबू उचललं, त्याची एक वाकलेली मिरची सरळ केली आणि वर आली. खाली दूधवाल्याचे डबे वाजले. रहदारी सुरू झाली.

*

"बाकीची?"

"कसली बाकीची?"

"उल्काताई."

उल्काने दिवाणाचा खण उघडला.

सलीमाने ओढणी सोडली. पाच. हातातलं सहावं. तिने ती सतरंजीवर एका ओळीत ठेवली, जशी चार वाजता ठेवली होती.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस," उल्का म्हणाली. "त्या तशा नाहीत. हे तुझ्यामुळे नाहीये, म्हणजे तू अमुक आहेस म्हणून नाही. कुणीही आणलं असतं तरी..."

"माहितीये. माझ्यामुळे असतं तर फुलपाखरंही दिली नसती." सलीमा खाली बसली. "मी हे का केलं, सांगू? सगळ्यांनी लिहिलं होतं ना, असलं मानत नाही. तुम्हीच दाखवलंत. मानत असत्या तर मी केलंच नसतं. आमच्या अमिनाबींनी, सासूबाईंनी, आधीच सांगितलं होतं, बेटा, फूल कर, फुलाला कुणी काही म्हणत नाही. मी म्हटलं, शिकलेल्या बायका आहेत."

"शिकलेल्याच आहेत," आप्पासाहेब खुर्चीतून म्हणाले. "तोच तर त्रास आहे."

"आप्पासाहेब, तुम्ही भिंतीकडून आलात."

आप्पांनी वर्तमानपत्र उघडलं.

"ही सहा झाली," सलीमा म्हणाली. "सातवं तुमच्याकडे."

"हो. आहे ना."

"कुठंय?"

फ्रीजच्या वर, रिकाम्या चकलीच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी. उल्काने ते चहा टाकतानाच तिथे ठेवलं होतं, आणि का ठेवलं हे स्वतःला विचारलं नव्हतं. उद्या कचऱ्याच्या गाडीत जाईल की नाही, हेही ठरवलं नव्हतं. तिने डबा आणला. गाठी सुटेनात. सलीमाने दाताने सोडल्या.

"आप्पांची पाटी आहे ना दारावर," उल्का म्हणाली. "तिच्याखाली लिंबू-मिरची म्हणजे..."

"माझं नाव पुढे करू नकोस," वर्तमानपत्र म्हणालं. "मला कुणी विचारलेलं नाही. रेक्झिन आहे, फोम आहे, तार आहे. माझी हरकत शून्य."

सलीमा उठली. आपल्या पिशवीतून तिने कुसुमचं फुलपाखरू काढलं, मग विजयमालाचं तोरण, मग बाकीच्या चौघींचं, आणि एकेक करून सतरंजीवर ठेवलं. एकेका लिंबाच्या समोर. उल्काचा बांगड्यांचा सांगाडा तेवढा तिने हातात धरून ठेवला.

"माझं गेलं नाही, तर त्यांचं कसं येईल? अदलाबदल आहे ही, अहेर नव्हे. हे एक मात्र राहिलंय. हे घेऊन जाऊ की ठेवून जाऊ, ते तुम्ही सांगा. मला राग नाही. फक्त आत्ता सांगा, म्हणजे मला सहा-पन्नासची लोकल मिळेल."

उल्काने तिच्या हाताकडे बघितलं. मग दाराकडे. स्टेंट तिच्या घरात कुणालाच नव्हता. वास्तू होऊन तीस वर्षं झाली होती. तिच्या सासूबाई फोटोच्या चौकटीतून बघत होत्या, पण त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. नाव पुढे करायला कुणीच शिल्लक नव्हतं.

"हातोडी कुठंय आप्पा?"

*

खिळा पाटीच्या खाली, सूचनेच्या शेजारी. पहिला ठोका लाकडावर बसला. दुसराही. तिसरा उल्काच्या अंगठ्यावर.

"आई गं!"

"बघ!" आप्पासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "लावायच्या आधीच लागलं!"

जिन्यात मथुराबाईंचा झाडू थांबला. आप्पासाहेबही थांबले. आपल्या तोंडून काय निघालं, ते त्यांनी एकदा मनात पुन्हा ऐकलं असावं, कारण कान लाल झाले.

"आप्पासाहेब," सलीमा म्हणाली, "ती हातोडी लागली."

मग ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, भिंतीला हात टेकून. उल्का अंगठा तोंडात धरूनच हसू लागली. आप्पांनी खुर्ची सोडली, येऊन चौथा ठोका स्वतः मारला आणि आत गेले.

सलीमाने लिंबू अडकवलं, आरशाची टिकली बाहेरच्या बाजूला फिरवली, दोन पावलं मागे जाऊन मान वर करून बघितलं. थोडा वेळ बघत राहिली. मग बांगड्यांचा सांगाडा पिशवीत घातला, सहा लिंबं त्यावर, आणि गेली. सहा सिराजच्या गिऱ्हाईकांना, म्हणाली. ते मानतात, त्यामुळे घाबरत नाहीत.

*

ग्रुपमध्ये, रात्री

"मैत्रिणींनो, तुमच्या सहा वस्तू माझ्याकडे परत आल्या आहेत. कारण तुम्हाला माहीत आहे. आपापली वस्तू येऊन घेऊन जावी. बेल बिघडली आहे, लिंबाच्या शेजारी दार वाजवावं. उल्का."

खाली सहा अंगठे आले.

बेल बिघडलेली नाही. पंधरा दिवस झाले. अजून कुणी दार वाजवलेलं नाही.