ओठावरचं पान

अण्णांनी कुंडीतलं रोप तोंडाजवळ नेलं आणि त्याचं पान वरच्या ओठावरून सावकाश फिरवलं. औषधांनी बोटं बधिर झाल्यापासून ते झाडं ओठांनी ओळखत.

"गुळगुळीत. जंगली," ते म्हणाले. "पुढचं आण, ठमे."

लेकीने पुढची कुंडी दिली. अंगणातल्या एल्मच्या झाडाचं शेवटचं बी अण्णांनी पेरलं होतं. भिंतीपलीकडच्या जंगली एल्मचं बीही वाऱ्याने त्याच वाफ्यात येऊन पडलं, बोलावणं नसताना. कोवळेपणी दोन्ही रोपं अगदी सारखी. खरी पानं फुटेपर्यंत भल्याभल्यांना फरक कळत नाही. मग अंगणातल्या जातीचं पान खरखरीत होऊ लागतं आणि देठापाशी एका बाजूने खाली उतरतं. तो एल्म ठमीच्या आईने लावलेला. आई गेली आणि मागोमाग बुरशी लागून झाडही गेलं. आईला निदान मृत्यूचा दाखला तरी मिळाला.

"डॉक्टर बाहेर तुला काय म्हणाले?"

ठमी कुंड्या सरळ करत राहिली. "पानगळीपर्यंत."

"कुठल्या झाडाच्या?"

"अण्णा!"

"अगं, फरक पडतो. काही झाडं फार चिवट असतात."

शेवटच्या कुंडीशी त्यांचा हात थांबला. पान ओठावरून पुन्हा फिरलं. मग उलट बाजूने.

"खरखरीत," ते हळूच म्हणाले.

एवढ्या रोपांत एकच. ठमीने ते उचललं आणि खिडकीसमोर खणलेल्या खड्ड्याकडे निघाली.

"तिथे जंगली लाव."

"डोकं फिरलंय का तुमचं? मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"चुकून तुझ्या आईचं लागू नये म्हणून. बुरशी कुठे गेलीय? इथेच आहे. हे रोप वाढेल, तुझा जीव जडेल आणि मग सुकेल. तू एकटी खिडकीत बसून बघणार. जंगलीला ती बुरशी सहसा बाधत नाही. कापला तरी बुंध्यातून फुटतो मेला. माझ्यामागे तुझ्या सोबतीला असलंच कुणीतरी निर्लज्ज हवं."

ठमीने बराच वेळ फावड्याची माती खरवडली. नंतर जंगली रोप खड्ड्यात उतरवलं, माती लोटली, पायाने दाबली. जरा जास्तच जोरात.

"आणि याचं काय करू?"

अण्णांनी हात पुढे केला. कुंडी मांडीवर घेतली, शालीचं टोक तिच्याभोवती ओढलं.

"हे माझ्या खोलीत राहील," ते म्हणाले. "आमचं आम्ही बघून घेऊ."