बदली मागणारा हात

पाच शब्द होते. डॉक्टर फ्रीझनबाईंनी ते सावकाश वाचून दाखवले, मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि आता त्या म्हणत होत्या, “मगाचचे शब्द सांगा बघू, मिस्टर प्रोकोपचक.”

ओरेस्टला ‘कंदील’ आठवला. ‘बदक’ आठवलं. पुढे नुसतं पांढरं. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको लावोन मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. गेल्या महिन्यात त्याने चुलीवरची किटली दोनदा करपवली होती आणि सख्ख्या नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली होती. तपासणीचा हट्ट लावोनचाच. लार्कस्पर गावच्या पोरांच्या हॉकी संघाची बस हा माणूस चालवतो, आधी त्याचं डोकं तपासा, असं ती म्हणाली होती.

डॉक्टरीणबाईंनी जुने आकडे काढले. ओरेस्ट बर्फावरची व्यावसायिक हॉकी खेळायचा तेव्हा दर शरदात, मोसम सुरू व्हायच्या आधी, त्याच्या संघाचे डॉक्टर अशीच तपासणी करून ठेवायचे.

“गंमत आहे,” त्या म्हणाल्या. “पंचवीस वर्षांपूर्वी जेवढं आठवत होतं, तेवढंच आजही आठवतंय. तेव्हाचा आकडा तरुण माणसाच्या मानाने कमीच आहे म्हणा, पण त्यात घसरण म्हणून नाही. मूळचीच ठेवण दिसते. बस चालवायला माझी हरकत नाही.”

ओरेस्ट मान खाली घालून हसला. मूळची ठेवण! ती ठेवण त्याला टिबोने शिकवली होती. टिबो, म्हणजे गस थिबोडो, तेव्हा त्या संघात खेळाडूंच्या दुखापती बघायचा. मलमपट्टी त्याची, आणि अक्कलही त्याचीच. “सप्टेंबरात मठ्ठ हो,” तो प्रत्येक नव्या खेळाडूच्या कानात सांगायचा. “आजच लंगडत चाललास, की जानेवारीत खरा लंगडलास तरी कुणाला कळणार नाही.” मग सगळा संघ तपासणीला बसून जाणूनबुजून चुका करायचा. पुढे डोक्याला मार बसला की डॉक्टर पुन्हा तपासत, आकडा जुन्याशी जुळे, आणि दुसऱ्या दिवशी गडी बर्फावर हजर. डॉक्टरला शेंडी लावली म्हणून रात्री बिअर उडायची. आपण शेंडी कुणाला लावतोय, हे विचारायची अक्कल त्यातल्या एकालाही नव्हती.

आणि ओरेस्ट तर सगळ्यांचा गुरू. हॉकीत एका दमात मिनिटभरसुद्धा कुणी खेळत नाही. दम संपला की खेळाडू हात वर करतो आणि बाकावरचा दुसरा उडी मारून आत येतो. याला बदली म्हणतात. ओरेस्टने अख्ख्या कारकिर्दीत हात वर केला नव्हता. नाक तीनदा मोडलं, एकदा तर पडून उठल्यावर तो समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला, पण हात वर नाही. प्रशिक्षक ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. लोक मात्र याच गोष्टीसाठी त्याच्यावर जीव टाकायचे. लोकांचं काय जातं!

दवाखान्याबाहेर गाडीत बसल्यावर लावोन रडायला लागली.

“आता काय झालं?”

“काही नाही रे. मी मनातल्या मनात तुला पार पोचवून आले होते. हं, चल आता. शनिवारच्या सामन्याला मीपण येणार बसमधून. कोबीचे रोल करते पोरांना.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ओरेस्टने गाडी सुरू केली. पण ती मूठ घरी पोचेपर्यंत त्याला जड झाली. कारण किटली आणि नात एवढंच लावोनला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात तो भरली बस घेऊन भलत्याच रस्त्याला लागला होता, वीस वर्षांपूर्वी ज्या शहराकडून खेळायचा त्या शहराच्या रस्त्याला. पोरांना वाटलं थट्टा चाललीय. टिबोला तसं वाटलं नव्हतं. म्हातारा टिबो आता याच पोरांच्या संघात मलमपट्टी करायचा आणि बसमध्ये ओरेस्टच्या मागच्याच सीटवर बसायचा. त्याने पाहिलं, आणि तोंडाला कुलूप लावलं. कपडे बदलायच्या खोलीतली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा त्यांचा जन्माचा कायदा. अळीमिळी गुपचिळी.

शनिवारी सकाळपासून वारा सुटला होता. केलस्टनला उपांत्य फेरीचा सामना, मार्चचा महिना, आणि जमिनीवरचं हिम उडून रस्त्यावरून दुधासारखं वाहत होतं. प्रशिक्षक स्वतःच्या गाडीने पुढे गेले होते.

“काय प्रोकी, आज कुठल्या गावाची सहल?” चढता चढता गोलरक्षक पोरगा म्हणाला. संघात सगळे त्याला प्रोकीच म्हणायचे.

“तुझ्या सासुरवाडीला! बस गपचूप.”

सगळे हसले. लावोनही हसली. टिबो हसला नाही.

दोन तास बरे गेले. मग हिमाचा पडदा दाट झाला, आणि धान्याच्या उंच कोठाराजवळ रस्ता फुटला. आठ हिवाळे ओरेस्ट या फाट्यावरून जात होता. डावीकडे की उजवीकडे? त्याने आठवणीत हात घातला आणि हाताला काही लागलं नाही. मागे पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडत होती, लावोन कुणाला तरी आग्रहाने आणखी एक रोल वाढत होती. थांबावं, विचारावं, एवढंच करायचं होतं. पण थांबणं त्याच्या रक्तात कुठे होतं! त्याने उजवीकडे वळवली.

रस्ता उताराला लागला. केलस्टनच्या वाटेवर उतार नाही, हे त्याला थोडं उशिरा आठवलं. दोन्ही बाजूंना वाटेच्या खुणेसाठी रोवलेल्या झाडांच्या फांद्या दिसायला लागल्या, आणि त्यांच्या पलीकडे एक बुटकी लाकडी खोपटी. गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारे उभारतात तसली. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. बस घसरली, आडवी व्हायला आली, सावरली आणि थांबली.

खालून एक लांबलचक हुंकार आला. आयुष्य बर्फावर काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. पुढची चाकं तळ्यावर होती.

“मागच्या दाराने!” टिबो ओरडला. “एकेक जण, धावायचं नाही! वहिनी, तुम्ही आधी!”

पोरं शिस्तीत उतरली. बर्फ पुन्हा कण्हलं. बस रिकामी झाल्यावर टिबो ओरेस्टच्या खुर्चीशी वाकला आणि अगदी हळू विचारलं, “प्रोकी, कुठे आहोत आपण?”

मार बसलेल्या खेळाडूला विचारतात तोच प्रश्न. कुठलं मैदान, किती गोल, कुठला डाव. आणि जुन्या दिवसांत टिबो प्रश्नापाठोपाठ उत्तरही ओठांतल्या ओठांत सांगून टाकायचा. आजही त्याने तेच केलं.

“हे लोन पाइनचं तळं. चूक वाऱ्याची, काही दिसत नव्हतं. बाहेर जाऊन एवढंच सांग. मी बस मागे घेतो, मग वर रस्त्यावर पुन्हा तूच चालव. कुणी काही म्हणणार नाही.”

“आणि तू?”

“मी काय! मी कधी काही बोललोय?” म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. “उतर लवकर.”

ओरेस्ट मागच्या दाराने उतरला. वारा कानफटात मारत होता. पोरं काठावर एकमेकांना चिकटून उभी होती, आणि भीती सरली तशी त्यांना चेव आला होता.

“मासे धरायला आणलंत होय प्रोकी?”

“आधी सांगायचं, गळ तरी आणला असता!”

हशा पिकला. लावोन पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात आशा होती. “वाऱ्यामुळे ना रे? समोरचं काहीच दिसत नव्हतं, मला पण.”

हो म्हणायचं होतं, बस. एक अक्षर. सगळे ते ऐकायला तयार होते, त्याच्या बायकोसकट. ओरेस्टने पोरांकडे पाहिलं. कुणाच्या हनुवटीवर धड दाढी नव्हती. सामन्यांची फेरी संपेपर्यंत दाढी करायची नाही हा नेम पाळून चार-चार केस तेवढे वाढवले होते.

त्याने उजवा हात सरळ वर केला.

हसू जागच्या जागी थांबलं. बर्फावर तो हात त्यांनी हजार वेळा पाहिला होता, स्वतः केला होता. या माणसाचा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या बापांनीही नाही.

“बदली,” ओरेस्ट म्हणाला. “वारा नव्हता, लावोन. फाट्यावर मला रस्ताच आठवला नाही. मागच्या आठवड्यातही नाही. आणि ती तपासणी खोटी आहे. परवाची नव्हे, जुनी. तरुणपणी मी मुद्दाम मठ्ठ झालो होतो, खेळू द्यावं म्हणून. डॉक्टर म्हणतात घसरण नाही. कशी दिसणार? मीच खाली जाऊन बसलो होतो.”

बसच्या दारात उभ्या असलेल्या टिबोने सगळं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसला. बस इंच इंच मागे सरकली. पुढची चाकं काठावर चढली तसं त्यांच्या जागचं बर्फ खचलं, आणि काळं पाणी वर येऊन हिमावर पसरलं. गोलरक्षक पोरगा तोंडावर हात ठेवून त्या पाण्याकडे बघत राहिला.

बस वर रस्त्याला लागल्यावर सगळे चढले. ओरेस्ट शेवटी. आपल्या खुर्चीला वळसा घालून तो आत निघाला, तेव्हा कुणीतरी पुढच्या सीटच्या पाठीवर तळहात आपटला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. जखमी खेळाडू स्वतःच्या पायांनी बर्फाबाहेर जायला लागला, की दोन्ही संघ अशाच काठ्या आपटतात. ओरेस्टने दुसऱ्यांसाठी पुष्कळ आपटल्या होत्या. तो मान खाली घालून, सीटांना धरत धरत, पार मागे जाऊन लावोनशेजारी बसला.

ती खिडकीबाहेर बघत होती.

“परवा मी आनंदाने रडले होते, ओरेस्ट.”

“हो.”

“माझं ते रडणं मला परत दे.”

तो काय देणार होता! राग खरा होता, आणि तो तिचा हक्काचा होता. केलस्टनची कोठारं दिसायला लागल्यावर ती त्याच्याकडे वळली.

“त्या बाईंचे पाच शब्द सांग.”

“लावोन...”

“सांग. सोंग न करता.”

त्याने डोळे मिटले. मनापासून शोधलं, कुठलाही डाव न खेळता. “कंदील,” तो म्हणाला. आणखी शोधलं. “एवढाच. खरंच एवढाच.”

लावोनने त्याचा तो वर केलेला हात, अजून गार असलेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“एक तर एक,” ती म्हणाली. “सोमवारी त्यांना हाच आकडा सांगायचा.”